सटवाजीची कवळी

माळेगावच्या जत्रेत, दुसऱ्या खेळाला,
क्लॅरोनेट आभाळाकडं धरली सटवाजीनं
अन् फुंकरीसरशी
कवळीच बाहेर.

लुगड्यातली मावशी वाकली,
मातीतून दात उचलले, कानाशी धरले:
"काय म्हणता? सरपंचाकडं जेवायला जायचंय?"
कनात हलली हसण्यानं.
घोडेवाले उठून उभे राहिले.

तेव्हापासून मालकानं जागाच धरून दिली.
गौळण सरली, ढोलकी थांबली
की कवळी पडते:
लोह्यात, कंधारात, पार जळकोटपर्यंत.
हलगीवर मला एवढंच सांभाळायचं,
पडली की एक टिपरू.

उन्हाळ्यात तो लग्नाच्या बँडमध्ये.
तिथं कुणी हसत नाही.
एका हातानं हनुवटी सावरून
नवरी वाटं लावतो.

नांदेडच्या डॉक्टरनं हिरड्या चाचपल्या:
आता हिला धरायला काही उरलं नाही, बाबा.
फडात त्यानं हे सांगितलं नाही.

पहाटे, ट्रकच्या फाळक्यावर
त्याच्या गालाचं मुरदाडशिंग पुसता पुसता
सोजर इचारती,
"आज पडली, का पाडली?"

तो तांब्यात दात खळखळतो,
पाणी चाकावर ओततो.
मग माझ्याकडं वळून,
"तुझं टिपरू आज उशिरा पडलं रे."