फुडं? मुंद?

शनिवारी पाच वाजता
खानापूरच्या ग्रंथालयाचं दार मी ओढून घेते.
मासिकांच्या टेबलावर चार जाडजूड कोश रचते,
वर मोबाईल, त्याच्या पाठीला शिक्क्याची पेटी,
म्हणजे घसरत नाही.
पंखा बंद. पंखा आवाज खातो.
पेपर वाचत बसलेले निवृत्त पोस्टमास्तर गुंडपण्णा
खोकला आला की उठून मागल्या पडवीत जातात,
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मग एकेक चौकोन उजळतो.
कणकुंबीकडचा रवळू, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर,
कारण रेंज पाचव्या पायरीपासून सुरू होते.
कौलांच्या कारखान्यातली फकिरव्वा,
मागं वाळत घातलेल्या ओल्या कौलांच्या रांगा.
नंदगडची सानिका आणि तिच्याच चौकोनात
शेजारची दोन पोरं, तिसऱ्याचं नुसतं कोपर,
एका शेळीचा कान.
आणि एक काळा चौकोन. नाव : भरमाणी मेस्त्री सेंट्रिंग.
बापाचा फोन असणार. आत कोण आहे, ठाऊक नाही.

"ऐकूलालंय काय?"
"ऐकूलालंय!" रवळू ओरडतो, टाकी घुमते.
फकिरव्वासाठी दर दोन वाक्यांनंतर
एक कन्नडात सांगते, माझ्या मोडक्या कन्नडात,
जी मी बाजारात कोथिंबीर घेताना शिकले.
तिला हसू येतं,
आणि हसू आलं की ती फोनजवळ सरकते.

आज अस्वलाची गोष्ट.
पुस्तकातलं अस्वल गुबगुबीत,
छत्री घेऊन बाजाराला निघालेलं.
मी चित्र कॅमेऱ्यापुढं धरते.
"असं नसतंय ते," टाकीवरून आवाज.
"अस्वल छत्री धरंना. वारूळ फोडतंय,
नाक लावून ओढतंय, फुर्रर.
आमच्या काकाची पाठ बघा, म्हंजे कळंल."

सगळे चौकोन गप्प.
मी पान उलटते. छापील अस्वल
वाण्याकडं अदबीनं पावशेर साखर मागतंय.
ते वाक्य तोंडात जडच झालं.

तेवढ्यात वीज गेली.
राऊटरचा हिरवा डोळा मिटला.
नंतर कळलं, मी त्यांच्याकडं थिजून होते,
तोंड उघडं, एक बोट वर,
"अस्व"पर्यंत आलेली.

फोन घेऊन मी पायरीवर, मग रस्त्यावर,
मग मलप्रभेच्या पुलाकडं, हात उंच.
टेंपोवाल्यानं हॉर्न दिला,
त्याला वाटलं मी हात करते.
अकरा मिनिटं.

रेंजची एक काडी उगवली. आत शिरले
तर गोष्ट माझ्याविना बरीच लांब गेली होती.
छत्री वारुळात अडकलेली.
वाणी झाडावर.
साखर शेळीनं खाल्लेली.
"फुडं?" रवळू विचारत होता.
"मुंद?" फकिरव्वा, तितक्याच घाईनं.
आणि सांगत होता तो काळा चौकोन.
बारीक, घोगरा आवाज,
निम्मं मराठी, निम्मं कन्नड,
शिवण कुठं दिसत नव्हती.
"अस्वल म्हणालं, ननगं भूक लागल्या..."

मी माझा माईक बंद केला.
माझाही चौकोन काळा केला.
पुलाच्या कठड्याला टेकून ऐकत राहिले.
साडेपाचाला एक दांडगा आवाज आला,
"आण फोन हिकडं,"
आणि अस्वल तिथंच राहिलं, झाडाखाली, वर बघत.

बेळगावला महिन्याचा अहवाल पाठवायचा असतो.
हजर मुलं : सात. शेळी धरली नाही.
भाषा : एकाच चौकटीत खूण करा, म्हणतो कागद.
मी दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर केली.
सांगणाऱ्याचं नाव.
इथं बराच वेळ पेन टेकवून बसले.
गुंडपण्णा पडवीतून म्हणाले, "लिही की."
लिहिलं : भरमाणी मेस्त्री सेंट्रिंग.

आज मंगळवार.
शनिवार लवकर येईना झालाय.
वाणी अजून झाडावर आहे.