दोन बिंदू

कोझा नदीच्या वरच्या अंगाला, सतराव्या वळणावर
शिओझाकींचं घर. दर ऑक्टोबरात मी तिथे जाते:
बॅगेत हातोडी, टॉर्च, प्रश्नावली.
दारात बूट काढताना माझे गुडघे कुरकुरतात,
त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

"तीन शब्द सांगते, थोड्या वेळानं विचारीन.
साकुरा. मांजर. आगगाडी."
यासुकिची मान हलवतात. आयुष्यभर नदीत उभं राहून
आयु मासे धरलेला माणूस, कमरेपासून खाली अजून खडक.
मग शंभरातून सात वजा. मग आकडे उलटे.
मग मी विचारते, आणि ते खिडकीकडे बघतात.
"सांगितलं होतंत खरं काहीतरी," म्हणतात,
आणि हसतात, माझीच समजूत काढल्यासारखे.

पहिल्या वर्षी तीन.
दुसऱ्या वर्षी दोन.
तिसऱ्या वर्षी नुसतं मांजर उरलं.
चौथ्या वर्षी तीन!
पाचव्या वर्षी पुन्हा तीन,
तेही मी विचारायच्या आधीच.

वाकायामाच्या प्रयोगशाळेत रात्री एकटीनं
मी तो आलेख पडद्यावर मोठा करून पाहिला.
पायऱ्या उतरत आलेली रेघ
दोन बिंदूंवर येऊन टेकली होती, दम खाल्ल्यासारखी.
मी नदीचं पाणी बाटल्या भरभरून नेलं.
ते काय खातात, किती वाजता निजतात,
खारवलेले आलुबुखार कुठल्या झाडाचे, सगळं विचारलं.
ओसाकाच्या परिषदेत त्या दोन बिंदूंवर
चार मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या.

फेब्रुवारीत ते गेले. न्यूमोनिया.
संमतिपत्रावर त्यांचा शिक्का तिरका उमटलाय.
मेंदू एक हजार साठ ग्रॅम.
काचपट्टीवर, चांदीच्या रंगात, काळे काळे गुंते,
गच्च, ठिकठिकाणी, माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त.
इतक्या गुंत्यातून तीन शब्द
बाहेर आले कुठल्या वाटेनं?

एकोणपन्नासाव्या दिवशी संत्र्यांची पिशवी घेऊन गेले.
उदबत्ती लावली. सुएनोबाईंनी चहा ओतला,
आणि माझ्याकडे न बघता कपाटाचं दार उघडलं.
आतल्या बाजूला कॅलेंडरचा पाठकोरा कागद,
त्यावर ब्रशनं, मोठ्या अक्षरात:
साकुरा. मांजर. आगगाडी.

"तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात, सेन्सेई,
त्या रात्री हे जेवले नाहीत.
बाई इतक्या लांबून येते म्हणाले,
आणि मी तिला रिकाम्या हातानं परत पाठवतो.
मग रोज रात्री, अंघोळीनंतर, अंथरुणात,
मी म्हणायचे, माझ्यामागून हे.
दोन वर्षं. एकही रात्र चुकवली नाही.
शेवटी शेवटी माझं नाव येईना त्यांना,
हे तीनच यायचे.
मांजर, अशी हाक मारायचे अंगणातून.
मीही ओ द्यायला लागले."

चहा निवला.
"दोरीचा गुंता झाला की म्हणायचे, ओढू नको, सैल सोड.
मी ओढलं का, सेन्सेई? माझं चुकलं का?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

ते दोन बिंदू मी आलेखातून काढले.
शेरा लिहिला: सरावामुळे अग्राह्य.
रेघ आता सरळ खाली जाते, सगळ्यांच्या जाते तशी.
ती काचपट्टी मात्र अधूनमधून परत लावते.
सातशे रात्री कुठेतरी दिसायला हव्यात,
एखाद्या पेशीच्या काठाशी तरी.
नाही दिसत.

या ऑक्टोबरात नवव्या वळणावरचं घर.
म्हातारी टोकुयोबाई, थरथरते हात मांडीखाली दाबून बसलेली.
आता शब्दांची दुसरी यादी काढलीय.
"आलुबुखार," मी म्हणाले. "कुत्रा. मोटार."

आत स्वयंपाकघरात
मुळा चिरण्याचा आवाज थांबला.