अंगठा

रुवीत आले तेव्हा माझ्याजवळ
एकशे बारा पायऱ्यांची यादी होती.
बटण दाबायचं. बघायचं. खूण करायची.
चूक सापडली की आतून गुदगुल्या व्हायच्या,
आणि शमसीरचा चेहरा पडायचा :
‘मॅडम, तांदळात खडे तुम्हीच टाकता काय?’
मी खडे मोजायचे. महिन्याला चाळीस, पन्नास.
एकदा तर आकड्यावरच बढती मिळाली.

आता यादी यंत्र चालवतं, रात्री,
मी दारसैतच्या खोलीत एसीच्या घरघरीत झोपलेली असताना.
सकाळी स्क्रीनभर हिरवं.
एवढं हिरवं या शहरात फक्त चौकातल्या गवतावर,
तेही नळीनं पाणी पाजून जगवलेलं.
मग मी काय करायचं?
दोन महिने हा प्रश्न चहात बुडवून खाल्ला.

जुलैतल्या एका गुरुवारी
एक्सचेंजच्या दारात जाऊन उभी राहिले, नुसती.
आमचंच अॅप. घरी पैसे पाठवायचं.
जगत्यालचा येल्लय्या, फरशा बसवणारा,
अंगठा ठेवतो. नाही.
पँटला पुसून ठेवतो. नाही.
फुंकर घालून, देवाला हात लावावा तसा हलकेच.
नाही.
अठरा वर्षांच्या सिमेंटनं रेषा खाऊन टाकलेल्या.
सही न येणाऱ्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणतो;
याला सही येत होती, तेलुगूत, वळणदार.
ती कुणी मागितलीच नव्हती.
मागच्या रांगेकडे बघत, ओशाळून,
तोडक्या हिंदीत मला म्हणाला,
मी मीच आहे.

मीटिंगमध्ये विचारलं गेलं, चूक कुठल्या ओळीत?
सगळं तर पास आहे.
होतंच पास. शमसीरच्या अंगठ्यावर तपासलेलं,
थर्मासच्या झाकणापलीकडे काही न पिळलेल्या.
मी म्हटलं, इतकी वर्षं खडे मोजले,
दात कुणाचा, ते विचारलंच नाही.
कुणी काही बोललं नाही.
शमसीर टेबलाखाली
स्वतःचा अंगठा बोटानं चाचपत बसला.

शुक्रवारी मी बाल्कनीच्या खरखरीत भिंतीवर
अंगठा घासला. बराच वेळ. चुरचुरेपर्यंत.
माझाच फोन मला ओळखेना.
शनिवारी नाही, रविवारी नाही.
सोमवारी कामावर जाताना, बसमध्ये,
सहज ठेवला आणि उघडला.

माझा भरून आला होता.