चौथा रकाना

तार्तूच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
बॉयलरच्या खोलीला लागून माझं टेबल.
माणसं वरच्या मजल्यांवर जगतात, मरतात.
माझ्याकडे उतरतात ते त्यांचे दिवस:
अधिक तीस, अधिक शंभर, वर्ष, पाच वर्षं.
शून्य दिवस म्हणजे ज्या दिवशी
दुसऱ्याच्या हाडातलं बी
पिशवीतून थेंबाथेंबानं उतरलं तो.
वय तिथून नव्यानं मोजायचं.

रकाने चार.
जिवंत, आजार नाही.
जिवंत, आजार परतला.
मृत.
संपर्क नाही.

तिसरा भरताना माझा हात थांबत नाही,
सोळा वर्षांत एवढं शिकले.
फक्त माइमू लेप्पच्या वेळी थांबला.
वय एकोणीस, दाता परदेशातला, अनोळखी.
कलम रुजलं होतं. वेळेआधीच.
पण आलेल्या पेशींना घर ओळखू आलं नाही.
त्यांनी आधी कातडी परकी ठरवली, मग आतडी,
मग यकृत.
रक्तात शेवटपर्यंत ल्युकेमियाचा ठिपका नव्हता.
अहवालावर शेरा आहे: स्वच्छ.
तिची आई तो अहवाल मागून घेऊन गेली,
दोनदा घडी घालून, हातमोज्यात.

तरी मला चौथा जास्त सलतो.
मेलेल्याला निदान तारीख असते.

सावेली दोल्गाशेव, मुक्काम कोल्क्या,
पेइप्सी सरोवराचा काठ.
उन्हाळ्यात कांदे, हिवाळ्यात मासे.
दाता: पाठची बहीण, उस्तिन्या.
दहापैकी दहा खुणा जुळलेल्या,
आणि कांद्याच्या चार वाफ्यांवरून
एकवीस वर्षं अबोला.
पेशी दिल्या तेव्हाही बोलली नाहीत.
दोन खोल्या, मधे एक नर्स, हातात पिशवी.
शंभराव्या दिवशी प्रयोगशाळेनं मोजलं:
त्याच्या रक्तात ती शंभर टक्के,
तो स्वतः शून्य.

तिसऱ्या वर्षी फोन लागेना.
पत्र परत आलं. दुसरंही.
नियम म्हणतो, सहा महिने थांबा, मग खूण करा.
मार्चमधल्या एका शनिवारी मी बस धरली.

दार ठोठावलं ते नेमकं चुकीचं घर.
उस्तिन्यानं उघडलं. डोक्याला रुमाल,
मागे भिंतीवर कांद्यांच्या वेण्या.
माझा बिल्ला वाचला
आणि हनुवटीनं सरोवराकडे दाखवलं.
"फोन? तो बर्फाखाली. भोकातून पडला त्याचा.
माशांना विचारा."

अर्धा मैल बर्फ तुडवत गेले.
उलट्या खोक्यावर एक पाठ बसलेली.
शेजारी पाच-सहा मासे, कडक झालेले.
मी नाव, जन्मतारीख विचारली, सवयीनं.
"कोणती जन्मतारीख?" तो म्हणाला.

मग सांगितलं, आपणहून:
"लहानपणी मासा खाल्ला की
तिच्या अंगावर पित्त उठायचं. मी चिडवायचो.
आता माझ्या उठतं."
बाही वर करून दाखवलं, गांधींचे जुने डाग.
"धरतो मात्र अजून. हाताला दुसरं काही येत नाही."
मासे कोण खातं मग?
"तिची मांजर."
आणि वाफ्यांचं?
"खटला चालू आहे," तो म्हणाला,
दोरीला हलकेच झटका देत.

परतीच्या बसमध्ये मांडीवर कांद्याची वेणी,
कोणी दिली ते सांगत नाही.
पहिल्या रकान्यात खूण केली.
सोमवारी, इतर नोंदींच्या अरुंद ओळीत,
टंकलं: मासे चालत नाहीत.
संगणकानं परत पाठवलं.
तिथं फक्त आकडा चालतो.

चौथ्यात अजून दोन नावं आहेत.
एक सारेमा बेटावरचं.
बोटीचं वेळापत्रक
मी कॅलेंडरशेजारी चिकटवून ठेवलंय.