उसना बर्फ

गोठा होता तेव्हा मे महिन्यात
म्हशीसुद्धा बाहेर बांधायचो आम्ही.
आता आत मी असते.
वर सिमेंटचा पत्रा, पत्र्यावर झावळ्या,
झावळ्यांवर ओलं गोणपाट,
आणि तरी रंध्याचं पातं
चुलीवरून उतरवल्यासारखं.

उभादांड्याला वारा नसतो असं नाही.
असतो, पण माडांच्या शेंड्यांवरच फिरतो,
खाली उतरायचं त्याच्याही जिवावर येतं.

पोस्टातून निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले,
भावाला वाटलं सोनं घेईन.
मी कुडाळहून बँड सॉ आणला
आणि तातू मेस्त्रीला म्हटलं, शिकवा.
तो म्हणाला,
"बाय, पयलो आपल्या घामाक शिकव."

घाम शिकत नाही.
पेन्सिलीची रेघ पुसतो,
नाकाच्या शेंड्यावर दबा धरून बसतो
आणि फणसाच्या पिवळ्या फळीवर
नेमका तिथेच पडतो, जिथे आत्ता
शेवटचा पॉलिशपेपर मारून झाला.
पटाशीवर सकाळी माझी बोटं उमटतात,
दुसऱ्या दिवशी तीच बोटं गंजाची.
पंखा लावावा तर भुसा उडून
भिजल्या अंगाला चिकटतो.
आरशात पाहिलं तर
रवा लावून तळणीसाठी ठेवलेली मी.

मग पहाटे चारला उठू लागले.
पत्रा गार, हात कोरडे,
कावळ्यांच्या आधी माझा दिवा.
तिसऱ्या दिवशी यंत्र चालू केलं
तर कुंपणापलीकडून पास्कू फर्नांडिस,
लुंगी, लाल डोळे, अंगावर मीठ.
"रातभर दर्यार होतंय गो.
आता तरी माका झोपाक दी."

बरोबर होतं त्याचं.
तेव्हापासून गार वेळ मुक्या कामांची:
रंधा, पटाशी, माप, पुन्हा माप.
बारा वाजता तो उठून जाळं घेऊन बसतो,
तेव्हा माझ्या यंत्राला तोंड फुटतं.
म्हणजे भट्टी पेटल्यावर.

मानेवर ओला पंचा. बाटलीत मिठाचं कोकम.
पेज प्यायची, तीही गारच.
दर वीस मिनिटांनी विहिरीवर जाऊन
पायांवर कळशी.
एवढं करूनही त्या मंगळवारी
डोळ्यांपुढे काजवे आले.
पातं फिरत होतं
आणि बोट त्याच्यापासून दोन सूत.
बटण कसं बंद केलं आठवत नाही.
भुशातच बसले, भिंतीला टेकून.

आवाजाने ज्याची झोप मोडते
तो आवाज थांबला म्हणून आला.
"बंद कित्याक केलंस?"
माझ्याकडे बघितलं, आणखी काही विचारलं नाही.
परत आला तो डोक्यावर क्रेट घेऊन,
बांगडे उतरवल्यावर उरलेला बर्फ.
पंख्यासमोर ठेवला, पंखा लावला.

काय सांगू.
गोठ्यात इतका गारवा
म्हशींच्या जन्मात आला नसेल.
आणि बांगड्यांचा असा वास
की वाडीतली तिन्ही मांजरं
दारात येऊन बसली,
आदराने, देवळात बसावं तशी.

बसणारच. मी देव्हारा करत होते,
सावंतवाडीच्या एका घरासाठी,
जिथे अंडंसुद्धा उंबरठा ओलांडत नाही.
रोज दुपारी बर्फ आला, रोज मांजरं आली,
कळस बसला, खण बसला.
तेलाचे दोन हात दिले.
नाक लावून बघितलं. तिसरा दिला.
उदबत्त्या लागतील, म्हटलं, जाईल.
खणाच्या आत, मागच्या बाजूला,
माझ्या घामाचा एक थेंब राहिलाय,
वालाएवढा.
तो तासला नाही.

आज रविवार. होडी वाळूवर. बर्फ नाही.
पण पास्कू सहाच्या मिसाक गेला,
इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.
म्हणजे तासभर पहाटेचा गारवा
आणि यंत्र, दोन्ही माझं.
फळी लावते.
पाद्रीबाबा, आज जरा
सावकाश बोला.