ओढून आणलेलं

पुंता अरेनासच्या बंदरात, दुसऱ्या मजल्यावर,
मी दिवसभर बुडता बुडता राहिलेल्या बोटींचे दावे टाइप करते.
किती वाजता दोर टाकला, समुद्र कसा होता,
ओढणाऱ्या टगबोटीचं नाव,
वाचवलेल्या मालाची किंमत, त्यातला वाटा.
खाली एक ओळ असते : वाचवलेले जीव.
तिथे आकडा लिहायचा, रकमेचा रकाना कोरा सोडायचा.
जिवाचे पैसे मागायचे नाहीत, असा जुना दंडक.
नव्या पोराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला,
छपाईत चूक राहिलीय का, बाई?

रात्री मी दुसऱ्याच एका समुद्रावर असते.
त्याला पाणी नाही, तळ नाही, वारा तर मुळीच नाही.
इथे राहणाऱ्या माणसाला तेवढी सुट्टीही पुरते.
माझं यान जुनं, पोट सुटलेलं, पुढे दोन हूक;
हद्दीबाहेर इंधन संपलेल्यांना ओढून आणायचं काम.
तिथले नियम उलटे.
वैमानिकासकट आणलंत तर चारशे नाणी,
चहापाणी म्हणावं तशी.
वैमानिक नसला तर अख्खं यान तुमचं,
फक्त दहा मिनिटं थांबायचं.
म्हणून काही जण दिवे मालवून लांब उभे राहतात,
हाका ऐकत, घड्याळ बघत.
मीही राहिलेय. दोनदा.
दुसऱ्या वेळी तीन हजार सहाशे मिळाले.
डावा हूक त्यातलाच.

ऑक्टोबरात एका रात्री
पातो-अकरा नावाचा कुणी हाका मारत होता.
पातो म्हणजे बदक. आमच्याकडे खिशात दमडी नसली
की माणसाचं बदक होतं. म्हणजे आमच्यातलाच कुणी,
फार तर तेमुकोचा.
मी हूक टाकला. तो लिहीतच राहिला :
बारा टन बर्फ आहे, पहिलीच खेप,
अर्धा तुम्ही घ्या, नाही, अर्ध्याहून थोडा कमी,
तुमचं नाव खरंच हिमेना आहे का, माझ्या मावशीचं

आणि मावशीचं काय, ते आलंच नाही.

वीज गेली असेल. किंवा आई उठली असेल.
पडद्याच्या कोपऱ्यात दहा मिनिटं उलटी मोजली जाऊ लागली.
मी थांबले नव्हते, मी ओढत होते.
पण ओढणारा कोण आणि टपलेला कोण,
हे त्या घड्याळाला कुणी शिकवलेलं नाही.
शून्य आलं. तुतारी वाजली. हिरव्या अक्षरांत :
अभिनंदन! बेवारस यान तुमच्या नावे.
किंमत अठ्ठेचाळीस हजार, बर्फ वेगळा.

एवढे पैसे माझ्या हाती तिथेसुद्धा कधी आले नव्हते.
इथलं तर बोलायलाच नको.

तेव्हापासून ते सातव्या धक्क्याला उभं आहे.
रात्रीचं भाडं चाळीस. मी भरते.
एरिबेर्तोने दोनदा विचारलं, विकणार का, दर चढलाय.
मी निरोप ठेवलाय : पातो, तुझा बर्फ जागेवर आहे.
तो वितळत नाही, तिथे तशी सोयच नाही.
आज एकोणीस रात्री झाल्या.
चारशे नाणी मात्र मिळाली नाहीत;
नोंदीप्रमाणे मी कुणालाच वाचवलेलं नाही.

सकाळी कामावर येताना वारा असा होता
की चौकात नगरपालिकेने दोर बांधले होते.
आम्ही सगळे धरून धरून चाललो,
एक नोटरी, पाव घेऊन निघालेली बाई,
माझ्या पुढे शाळेचं एक पोर.
त्याची टोपी उडाली. मी ती बुटाखाली दाबून धरली.
त्याने वाकून ओढून घेतली, चिखल झटकला,
आणि फेंगड्या पायांनी रस्ता ओलांडून गेला,
मागे न बघता.