तिसरी रांग, ऑर्गनच्या बाजूला

पणजीत बघितलं परवा. थंडगार थिएटर.
गालाला चिकटवलेला माईक, त्यामुळे तान
छतातून येते, नटाच्या तोंडातून नाही.
खुर्ची छान होती. एवढंच.

मला सावईच्या जत्रेतलं नाटक लागतं.
साडेदहाचं, म्हणजे साडेबाराला पडदा,
मांडवावर दंव, गुडघ्यांवर शाल,
आधी प्रॉम्प्टर बोलतो, मग प्रधान.
दोनदा ऐकलं तर बिघडलं काय?

मात्र वन्समोअर मागू नये उगाच.
चौथ्यांदा गाताना गळा संपतो,
आणि राणी बिचारी ताटकळते
विषाचा पेला घेऊन.

गेल्या वर्षी दुसऱ्या अंकात वीज गेली.
राजा म्हणजे आमचा उल्हास गावडे, लाइनमन.
पद अर्ध्यावर टाकून उठला,
मुकुट ऑर्गनवर ठेवला
आणि शेल्यासकट खांबाकडे गेला.
शांबा काळोखात त्याचा सूर धरून बसला,
पाय मारीत, पाऊण तास.
पोरं खाजं चघळत झोपली.
घरी कोणी गेलं नाही.

दिवे आले. मागून उल्हास, हात काळे.
सोडलेला षड्ज तिथूनच उचलला.

किंचित उतरलेला होता, खरं सांगतो.
मी टाळी वाजवली नाही.
नाक शिंकरलं.